भिंगरीचा अर्धा तास

तिचं खरं नाव कामाच्या घरांत कुणालाच ठाऊक नव्हतं. एका जागी ठरेना, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. चार घरांची साफसफाई ती दुपारपर्यंत उरकायची. औषधाचा वास नाकाला झोंबल्याशिवाय घर स्वच्छ झालं, हे तिला पटायचंच नाही.

एक दिवस शिक्षिकाबाईंच्या बाथरूममधले पिवळे डाग काही केल्या हटेनात. तिनं ॲसिड ओतलं. तरी हटेनात, म्हणून त्यावरच ब्लीच ओतलं. दार लोटलेलं, खिडकी बंद. क्षणात डोळ्यांतून धारा, छातीत नुसता जाळ. बाईंनी दंडाला धरून बाहेर ओढलं म्हणून वाचली.

"दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो," डॉक्टर म्हणाले. "थोडक्यावर निभावलं. आता पंधरा दिवस घरी बसा."

घरी बसा! तिच्या जिवाची नुसती तगमग झाली. दहा वेळा दाराशी जायची, दहा वेळा परत यायची. नवरा शिंपी. मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "अगं, टेक जरा. तुझ्या येरझाऱ्यांनी माझी शिलाई वाकडी होतेय."

"टेकून काय करू? अंडी उबवू?" म्हणाली, आणि खोकत सुटली.

शेवटी बाईंनीच फोनवर सुचवलं: खायचा सोडा, व्हिनेगर, साबण, गरम पाणी. "पण व्हिनेगरजवळही ब्लीच आणायचं नाही हं!" भिंगरीनं घरच्या नळाला व्हिनेगरचं फडकं गुंडाळलं. अर्धा तास थांबायचं होतं. पाच मिनिटांत तिनं ते तीनदा सोडून पाहिलं.

"पेरलेलं बी सारखं उकरलं तर उगवेल का?" नवरा म्हणाला.

ती हात काखेत दाबून उभी राहिली. अर्ध्या तासानं नळावरचा पांढरा थर नुसत्या अंगठ्यानं निघाला. तरी तिला चैन नव्हतं, वास कुठाय?

कामावर गेल्यावर एका घरानं नेमकं तेच विचारलं. "नुसतं पाणी फिरवलंस वाटतं!" ते काम सुटलं. दुसऱ्या घरी तिनं संगमरवरी ओट्यावर व्हिनेगर चोळलं आणि चकाकीच गेली. मालकिणीच्या लक्षात आलं नाही, पण हिच्या घशाखाली घास उतरेना. सकाळी चप्पल काढायच्या आत बोलून मोकळी झाली, "ताई, ओटा मीच बिघडवला. या दगडाला आंबट चालत नाही, मला माहीत नव्हतं."

मालकीण बराच वेळ ओट्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "दुसरी असती तर गप्प बसली असती. यापुढे ओट्याला साबणाचं पाणीच लाव."

आता तिची तीन घरं आहेत. काम संपायला दुपार उलटते, जिना चढताना छाती अजून वाजते. शिक्षिकाबाई चहा देतात, तो ती उभ्यानंच पिते.

"बसून तरी पी गं."

"बसलं की खोकला येतो," ती म्हणते. खरं की बहाणा, ते बाईंना अजून कळलेलं नाही.