मागचं माणूस

राहू गावच्या कुशाबाईनं चार हिवाळे कोकणात काढले, पण समुद्र एकदाही पाहिला नाही. कुणी विचारलं नाही तरी ती हे सांगते आणि दर वेळी तिला स्वतःलाच हसू येतं. तेव्हा घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, घाट उतरायचा आणि भात निघालेल्या खाचरांत मेंढरं बसवायची. तिथले शेतकरी सांगायचे, ती समोरची टेकडी ओलांडली की समुद्र. पण खाऱ्या पाण्याचा मेंढरांना काय उपयोग? आणि जिथं मेंढरांचं काम नाही तिथं कुशाबाईचं कुठून असणार?

पुढे मेंढरं विकली, राहूत जमीन झाली, ऊस आला, दारात गाई आल्या, मोनाली सून म्हणून आली. गेल्या वर्षी एका सकाळी मोनाली मोबाइल बघत बसली होती. धारा काढून आलेली कुशाबाई तिच्या मागे थांबली. मोबाइलमध्ये एक बाई डोळ्यांवर काचेचा चष्मा आणि तोंडात नळी धरून समुद्रावर पालथी तरंगत होती. तिच्या खाली खडक, हलणारं गवत, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे. सगळं लख्ख.

"म्हंजी आतलं दिसतंय व्हय?" कुशाबाई म्हणाली.

"दिसतंय की. स्नॉर्कलिंग म्हणत्यात त्याला. मालवणला असतंय."

"परत लाव."

तिनं ते तीनदा पाहिलं. दुधाची बादली हातात तशीच. भीमा तिनं मेंढरं घेऊन कितीदा ओलांडली असेल, पण नदीचं पाणी कायम गढूळ. पायाला लागेल तो तळ. आत काय असतं, हे तिला कधी दिसलं नव्हतं.

"मला हे बघायचंय" असं मात्र ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "गटातल्या बायांना एकदा न्यायला पायजेल."

बचत गटात तिची थोरली जाऊ रंगुबाई होती. तिच्या कानावर हे गेलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "गटाला न्यायला पायजेल म्हणं," ती तव्याकडे बघत म्हणाली. "गटाचं नाव आन् हिचा जीव."

दोघी जावांचं कधी फार गोड नव्हतं. पण चाळीस वर्षं मेंढरांच्या एका वाड्यावर राबलेल्या बायका एकमेकींना फसवू शकत नाहीत.

घरात परवानगी कशी काढायची, हा पहिला प्रश्न. कुशाबाईनं परवानगी मागितलीच नाही, सल्ला मागितला. रात्रीच्या जेवणाला नवरा मल्हारी आणि दोन शेजारी होते, तेव्हा तिनं भाजी वाढता वाढता विचारलं, "मालवणला जायला गगनबावडा बरा का फोंडा घाट?"

झालं. गगनबावड्याला वळणं फार, फोंड्याला रस्त्याचं काम चालू, गाडी कुणाची घ्यावी, ड्रायव्हर घाटातला पाहिजे, अशी चर्चा ताटं वाळेपर्यंत चालली. शेवटी मल्हारीनं ड्रायव्हर स्वतः ठरवून टाकला. मग त्याच्या ध्यानात आलं.

"पण जाणार कोण हाय?"

"आम्ही."

"आन् आम्ही?"

"गाईंचं कोण बघंल?"

शेजारी हसले. मल्हारी म्हणाला, "समुद्रात काय ठेवलंय? पाणीच बघायचं तर आपली नदी हाय की."

"नदी तुम्ही बघा," कुशाबाई म्हणाली आणि त्याला आणखी आमटी वाढली.

तारीख ठरवणं त्याहून अवघड. पावसाळ्यात बोटी बंद. नंतर ऊसतोड येणार, आणि तोडणीची टोळी फडात असताना घरची बाई हलू शकत नाही. सोमवारी दोघींचा उपास, गुरुवारी तिघींचा, शनिवारी एकीचा, आणि कोकणात जाऊन मासे खायचे नाहीत म्हणजे काय? लग्नं, बारशी, पोरांच्या परीक्षा. शिवाय जी गोष्ट कुठल्याच कॅलेंडरवर छापलेली नसते, ती प्रत्येकीला बाजूला घेऊन, भांडी घासता घासता विचारावी लागली. या सगळ्यातून फेब्रुवारीतला एक बुधवार निघाला. तो कुशाबाईनं लग्नाच्या मुहूर्तासारखा जपला.

बोटवाल्याशी ती स्वतः बोलली. मोनालीनं फोन स्पीकरवर ठेवला.

"मावशी, पार्टी बोट आहे आपली. वर छत, गाणी, नाश्ता. आधी स्नॉर्कलिंग, मग खाडीत फिरायचं."

"बोटीत दुसरं कोण असतंय?"

"असतात चार माणसं. सगळ्यांबरोबर मजा येते."

"आमाला न्हाई येत. सगळी बोट आमची पायजेल. पाण्यात हात कोण धरतंय?"

"आमची पोरं असतात ना."

"बाई न्हाई का?"

पलीकडून आवाज आला, "माझी बहीण आहे, करिश्मा. पोहते चांगली. पण ती बोटीवर जेवणाचं बघते."

"जेवण आम्ही आणू. तिला पाण्यात धाडा."

मग पाणी किती खोल, जाकिटं सगळ्यांना पुरतात का, घाबरली तर वर कसं घेता, वर घेतलेली बाई बसते कुठं. शेवटी तो म्हणाला, "मावशी, एवढे प्रश्न आम्हाला परवाना देणाऱ्यानंपण विचारले नव्हते." आणि खूश करायला म्हणाला, "व्हिडिओ फ्री आहे हां."

"फुकट असला तरी नको."

ही अट तिनं विचार करून घातली होती. एका गावच्या बायका अशाच सहलीला गेल्या होत्या. बोटीवर नाचतानाचा व्हिडिओ त्या घरी पोचायच्या आत गावातल्या पुरुषांच्या मोबाइलवर पोचला, आणि त्यानंतर त्यांच्यातल्या दोन सुना माहेरीसुद्धा एकट्या गेल्या नाहीत. म्हणून कुशाबाईनं सांगून टाकलं, बोटीवर चढताना सगळे मोबाइल एका पिशवीत.

शेजारची पूनम, लग्नाला जेमतेम वर्ष झालेली, हिरमुसली. "काकू, मग गेल्याचा पुरावा काय?"

"अंगाला मीठ लागंल की."

जायच्या आधी पंधरा दिवस कुशाबाईच्या गोठ्याजवळच्या हौदावर शाळा भरली. मोनालीनं एक चष्मा-नळी मागवली होती. एकेकीनं हौदात तोंड घालायचं आणि तोंडानं श्वास घ्यायचा. गाई लांबून बघत होत्या. चष्म्याची कड नाकातल्या चमकीवर दाबते हे पहिल्याच दिवशी कळलं, तेव्हा चमक्या घरी ठेवायचं ठरलं. मंगळसूत्र काढायला कुणी तयार नव्हतं, तर ते ब्लाउजला आतून पिना लावून बसवायचं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आधी काचेवर थुंकून पुसायचं असतं, असं मोनालीनं सांगितल्यावर "शी!" म्हणून सगळ्या मागे सरल्या.

"नवऱ्याचं उष्टं चालतंय, आन् सोताची थुकी न्हाई चालत?" रंगुबाई म्हणाली, आणि सगळ्यात आधी तीच थुंकली.

कुशाबाईनं मात्र हौदात तोंड घातलं नाही. ती प्रत्येकीचं डोकं, नळी, श्वास बघत राहिली. "माझं व्हईल," म्हणाली.

बोटीवर कोण कधी उतरणार हे तिनं मनातच लावलं होतं. नदी ओलांडताना कळप कसा घालायचा हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पुढे धीट मेंढा. त्याच्यामागे बाकीची आपोआप. भित्री मधे, दोन्ही बाजूंनी अंगं घासतील अशी. आणि सगळ्यात मागे माणूस. मल्हारी कायम पुढे असायचा, कुशाबाई कायम मागे. ती मेंढरं आकड्यानं मोजत नसे, तोंडं आठवत असे. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं तिला आणि रंगुबाईला एकच गोष्ट सांगितली होती: मागं राहिलेलं मेंढरू ओरडत न्हाई. ते गप उभं राहतं. म्हणून मागं माणूस लागतं.

बुधवारी सकाळी सगळ्या मालवणच्या किनाऱ्यावर उतरल्या. समोर समुद्र. कुशाबाईनं कपाळावर हात धरून लांबवर बघितलं. मग म्हणाली, "त्या टेकडीच्या पल्याड हे हुतं." आणि लगेच पिशवी उघडून मोबाइल गोळा करायला लागली.

बोट निघाली आणि खडकांजवळ नांगर पडला. बोटवाल्यानं रंगुबाईच्या नऊवारीकडे बघून तोंड उघडलं, पण करिश्मा म्हणाली, "राहू दे, काष्टा आहे, फुगणार नाही." सगळ्यांनी जाकिटं घातली. पुढे मोनाली. ती उतरली, तोंड पाण्यात घातलं, आणि नळीतून एक किंकाळी आली. वर तोंड काढून ती सासूला ओरडून म्हणाली, "आत्या, पाय ठेवायला जागा न्हाई एवढे मासे हायत!" मग दुसरी, तिसरी. पूनम शिडीच्या पहिल्या पायरीवर रडायला लागली, तर कुशाबाईनं तिला बोलून समजावलंच नाही. तिनं रंगुबाईकडे नुसतं बघितलं.

"बघती कशाला? कळलं मला," रंगुबाई म्हणाली. "भित्रीसंगं मला मधे घातलंय हिनं. चल गं पोरी, रडायचं तर खाली रड, तिथं पाणीच हाय." आणि पूनमचा हात धरून उतरली.

एकेक जोडी ट्यूब धरून तरंगली, वर आली, पुन्हा गेली. वर आलेलीला टॉवेल, कोरडं पातळ, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. गाणी सुरू झाली. बोटवाला आणि त्याची पोरं शहाण्यासारखी पुढच्या टोकाला तोंड फिरवून बसली, आणि छताखाली राहूच्या बाया ओल्या केसांनी नाचायला लागल्या. ज्या मोनालीचा पदर घरात खांद्यावरून कधी ढळला नव्हता, ती शिट्टी वाजवत होती. कुशाबाई मोबाइलची पिशवी मांडीवर घेऊन टाळ्या वाजवत होती. मधूनच कुणाचं पातळ पिळत होती, कुणाला पाणी देत होती. तिचं जाकीट तिनं केव्हाच काढून ठेवलं होतं.

बोटवाला मागे न बघता म्हणाला, "मावशी, वारा फिरायला लागलाय. थोड्या वेळानं निघू. कुणी राहिलं नाही ना?"

"न्हाई," कुशाबाई म्हणाली. "झाल्या सगळ्या."

ती उठून बोटीच्या मागच्या कठड्याशी गेली आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. वरून काही दिसत नव्हतं. नुसतं ऊन चमकत होतं.

नाचणाऱ्या बायांमधून रंगुबाई बाहेर आली. तिनं आधी गाण्यांचा आवाज कमी करायला सांगितला.

"कुशे."

"काय, आक्का?"

"झाल्या सगळ्या?"

"झाल्या की."

"तू?"

"माझं काय? एवढ्या जणींचं सामान, मोबाइल. कुणीतरी मागं पायजेल. मी बघितलं की वरनं."

"वरनं काय बघितलंस, माझं कपाळ?" रंगुबाईनं तिच्या हातातली पिशवी ओढून घेतली. कुशाबाईनं सोडली नाही. दोघींची ओढाओढ बघून पूनम घाबरली.

"आक्का, सोड. वारा सुटलाय म्हणतोय त्यो."

"सुटू दे. वरीसभर गटाला न्यायचंय, गटाला न्यायचंय. गट गेला बघून. आता हितं गप उभी हाईस." रंगुबाईचा आवाज जरा खाली आला. "मागं राहिलेलं मेंढरू ओरडत न्हाई, असं मामंजींनी मलाबी सांगितलंय. तुला एकलीला न्हाई."

कुशाबाईनं पिशवी आणखी घट्ट धरली.

"आन् मागचं माणूस काय उडून येत न्हाई नदीच्या पल्याड," रंगुबाई म्हणाली. "त्येपण पाण्यातनंच येतंय. जाकीट घाल."

कुशाबाईची बोटं पिशवीवरून सैल झाली. मोनालीनं तिला जाकीट घातलं, पट्टे ओढले. मंगळसूत्राला पिना रंगुबाईनं लावल्या, दातांत धरून एकेक. कुशाबाईनं आपली चमकी काढली, कुणाकडे द्यावी म्हणून क्षणभर बघितलं आणि रंगुबाईच्या तळहातावर ठेवली. मग काचेवर थुंकली.

हौदात एकदाही तोंड न घातलेली बाई पहिल्यांदा खाली गेली ती नाकातोंडात पाणी घेऊनच वर आली. खोकली, डोळे लाल झाले. करिश्मानं तिचा हात घट्ट धरला. "मावशी, घाई नको. दात रोवा नळीवर. आता." दुसऱ्यांदाही तसंच. बोटीवर सगळ्या कठड्याशी गोळा झाल्या होत्या. वाऱ्यानं छताचं कापड फडफडत होतं.

तिसऱ्यांदा तोंड पाण्यात गेलं आणि गेलंच. नळीचं टोक वर, त्यातून एका लयीत श्वास ऐकू यायला लागला. पाठीवरचं जाकीट केशरी, पांढरे केस पाण्यावर पसरलेले. मग तिचा एक हात हळूच पुढे गेला, खाली कशाला तरी लावावा तसा, आणि तिथंच थांबला.

"काय बघतेय?" पूनम कुजबुजली.

"बघू दे," रंगुबाई म्हणाली.

करिश्मानं थोड्या वेळानं तिच्या खांद्यावर थाप मारली. कुशाबाईनं तोंड वर काढलं नाही. पाण्यातूनच तिनं हात हलवला: थांब. घरी सून जेवायला बोलवायला आली आणि धार अर्धी असली, की ती असाच हात करते. मोनालीला हसू आलं आणि डोळेही पुसावे लागले.

तेवढ्यात पिशवीत मोबाइल वाजला. कुशाबाईचाच. रंगुबाईनं आतले सगळे चाचपून तो शोधला आणि कानाला लावला. राहूहून मल्हारी बोलत होता. मागे गाय हंबरत होती.

"कोण, वैनी? कुशा कुठं हाय? सगळ्या नीट हायत ना?"

"हायत, भावजी. वर आल्यात सगळ्या. एकलीच पाण्यात हाय."

"कोण ती?"

"तुमचीच."

पलीकडे मल्हारीनं गाईला दटावलं. मग म्हणाला, "तिनं कवा कुणाला मागं ठेवलं न्हाई, वैनी. आता ती पाण्यात म्हटल्यावर मागं कोण हाय?"

रंगुबाईनं पिशवी काखेत नीट धरली, मुठीतली चमकी चाचपली, आणि पाण्यावरच्या केशरी ठिपक्यावरची नजर न काढता म्हणाली, "मी हाय."