लागणीच्या सहा प्रती

सकाळपासून अनसूयाचं बूड खुर्चीला टेकत नव्हतं. तीन वाजता ग्रंथालय समितीची बैठक होती आणि टेबलावर एकाच पुस्तकाच्या सहा प्रती पडल्या होत्या. मुखपृष्ठावर तोंडाला मास्क लावलेली नर्स.

अनसूया सणसरची, ऊसवाल्या घरातली. बारामतीच्या विद्यापीठ ग्रंथालयात चौदा वर्षं सहायक ग्रंथपाल. पुस्तकं निवडायची प्राध्यापकांनी, सही करायची विभागप्रमुखांनी. हिनं आपले शिक्के मारायचे आणि क्रमांक चिकटवायचे. शेतीची पुस्तकं यायची ती सगळी इंग्रजी, उशाला घ्यावीत एवढी जाड. पिंपळीकडची मुलं ती चाळायची, परत ठेवायची आणि विचारायची, "मॅडम, मराठीत काय न्हाय का?" हे तिला वर्षानुवर्षं टोचत होतं. भांडून भांडून यंदा तिनं मिळवलं, की शेतीची मराठी पुस्तकं तिनंच निवडायची. तेही एका वर्षापुरतं. जमलं तर पुढं, नाहीतर आहेतच शिक्के.

आणि पहिल्याच घासाला खडा लागला. विक्रेत्याच्या यादीत नाव होतं, 'लागण : योग्य वेळी योग्य काळजी'. ऊसवाल्याच्या लेकीला लागण म्हटलं की उसाची सरी आणि बेणंच दिसणार! नमुना प्रत न मागवता बाईंनी उतावळेपणानं थेट सहा मागवल्या. आल्या त्या साथीच्या रोगांवरच्या. स्वतःचा इतका राग आला की तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"बाई, नर्सिंगच्या कपाटात सारा की. कुनाला कळतंय?" शिपाई कुशाबाई म्हणाली.

अनसूया प्रती उचलून त्या कपाटापर्यंत गेली. परत आली. पुन्हा गेली. तीनला दोन मिनिटं कमी असताना सहाही तशाच कवेत घेऊन ती बैठकीत शिरली आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

समिती खो खो हसली. अध्यक्ष इंद्रजित सर गेल्या वर्षीच शहरातून आलेले. हसता हसता ते थबकले. "म्हणजे ऊस लावण्याला इथं लागण म्हणतात?"

"व्हय... हो, सर."

सरांनी मागच्या वर्षीची फाईल ओढली. मुलांच्या वतीनं अनसूयानंच भरलेली पुस्तकाच्या मागणीची चिठ्ठी त्यात होती: 'आडसाली उसाची लागण'. नामंजूर झाली एवढंच तिला तेव्हा कळलं होतं. खाली सरांच्या अक्षरात शेरा होता, 'रोगांवरील पुस्तके पुरेशी आहेत.'

हसणं थांबलं. अनसूयाला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण ती पेटली. आपल्या शब्दाला इथं किंमत नाही, असं समजून ती वर्षभर मनात कुढत बसली होती. ऑफिसातली मराठी बाजूला राहिली आणि तोंडातून सणसर बाहेर पडलं.

"सर, माझी चूक मी कवेत घिऊन आले. तुमची वर्षभर फायलीत पडलीया. आदी ती चिठ्ठी मंजूर करा, मग माझं काय ते बघा."