पाऊण इंच उतरलेला खांदा

माझ्या चित्रातल्या बायकांचे खांदे सारखे नसतात. एक वर, एक खाली. मला जमत नाही म्हणून तसं होत नाही, मी टेप लावून तसं काढते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं कोणीतरी ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणणारच आहे. म्हणा. लातुरात तोंडावर म्हणून झालंय, नांदेडात पाठीमागं म्हणून झालंय. मला त्याचं काही वाटत नाही. खोटं कशाला बोलू, वाटतं. पण वाटतं म्हणून मी खांदा सरळ करणार नाही.

मी लेडीज टेलर. लातूरला डाळमिलच्या मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत माझी मशीन आहे. वीस वर्षं झाली. चित्रकला शिकवणारं मला कोणी भेटलं नाही, आणि भेटलं असतं तरी शिकायला कोणी सोडलं नसतं. माझी शाळा म्हणजे माझी मापांची वही. गल्लीत एकाच नावाच्या चार-चार बायका, कोणतं माप कोणाचं याचा घोळ व्हायचा. एकदा सासूचं झंपर सुनेला गेलं आणि सुनेचं सासूला. दोघींनी येऊन मला असं फैलावर घेतलं की काय सांगू. त्या घरात त्या दोघींचं एकमत झालेलं मी तेवढ्या एकदाच बघितलं.

त्या दिवसापासून वहीत मी नावाच्या जागी बाईच काढायला लागले. बोटभर उंचीची. हिचा गळा आखूड, हिच्या पाठीला पोक, ही तिसऱ्या बाळंतपणानंतर एका अंगानं सुटलेली. तोंड काढायची गरजच पडायची नाही. बायका वही उघडून ‘ही मी’ म्हणून बरोबर ओळखायच्या आणि शेजारणीची बघून तोंडाला पदर लावून हसायच्या.

मग हौस वाढली. परकराच्या कापडातले उरलेले तुकडे जोडायचे, त्यावर डिंक आणि खडूची भुकटी चोपडायची आणि अंगाच्या मापात बाई काढायची. अंगाच्या मापात का, तर टेपला दुसरं माप कळत नाही. फोनवर चित्रकलेचे व्हिडिओही बघितले. एक जण सांगत होता, माणसाच्या उंचीत त्याचं डोकं आठ वेळा बसलं पाहिजे. मी महिनाभर येईल त्या गिऱ्हाइकाला टेप लावली. कोणी साडेसहा, कोणी फार तर सात. आठ डोक्यांची बाई कुठं राहते ते त्या व्हिडिओवाल्यालाच माहीत, आमच्या गल्लीत तरी राहत नाही. मी व्हिडिओ बंद केला.

पण माझंही एक गुपित होतं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. कामानं बाईचं अंग बदलतं आणि टेलरला ते झाकायला लागतं. ज्या बाईचा खांदा उतरलेला, तिच्या झंपराला त्या बाजूनं आतून कापडाची घडी घालायची. वरून बघणाऱ्याला दोन्ही खांदे सारखे. वहीत अशा बाईच्या चित्राशेजारी मी ‘घडी’ असं लिहायची. डाळमिलमधल्या बहुतेक बायकांपुढं ‘घडी’ लिहिलेलं होतं.

त्यातलीच एक मावशी. नात्यातली नाही, गिऱ्हाईक. पण पहिलं गिऱ्हाईक, म्हणून नात्यातल्यांपेक्षा जवळची. डाळमिलच्या आवारात तूर वाळत घालायचं तिचं काम. अर्धी अर्धी पोती उजव्या खांद्यावरून न्यायची, सकाळी बाहेर, संध्याकाळी आत. तिशीत लागली, आता साठीला आली. तिचा उजवा खांदा पाऊण इंच खाली आहे. मी तिला म्हणाले, मावशी, तुझं चित्र काढते, बस. तर म्हणाली, ‘उगं नटवू नको मला, आन लई म्हातारी बी करू नको.’ तीन रविवार ती स्टुलावर बसली, शेंगा खात, मांडीवर हात ठेवून. अंगात कामावरचं जुनं झंपर होतं, त्यातली घडी कधीच झिजून गेलेली. मी जे दिसलं ते काढलं. हात, गळा, पाऊण इंच.

त्या चित्राचा फोटो नांदेडच्या एका प्रदर्शनाला पाठवला आणि तो निवडला गेला. आयुष्यात पहिल्यांदा. घरात कोणी पेढे आणले नाहीत, पण चहा मात्र दोनदा झाला. चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन मी एस.टी.नं नांदेडला गेले. कंडक्टरनं विचारलं, ‘बाई, आरसा हाय का?’ मी ‘व्हय’ म्हणलं.

तिथं एक सर होते. चित्रकला शिकवून रिटायर झालेले, कोणतं चित्र कुठं लागणार हे त्यांच्या हातात. चित्रापुढं ते बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, जिंकलं. मग म्हणाले, ‘ताई, रंगाची समज आहे तुम्हाला. पण शरीराचा अभ्यास कच्चा आहे. हा उजवा खांदा बघा, पाऊण इंच तरी उतरलाय.’

नजर पक्की होती त्यांची, नाही म्हणणार नाही. टेपशिवाय बरोबर सांगितलं.

मी म्हणाले, ‘सर, ती चूक नाही, ते माप आहे.’

‘असं कसं? चित्रकारानं आदर्श बघायचा असतो. खांदा दुरुस्त करून शुक्रवारी उद्घाटनाच्या आधी आणा, दर्शनी भिंतीवर लावू. तसाच ठेवलात तर मग बघावं लागेल.’

पोतं काय असतं ते सरांनी कधी उचलून बघितलं असेल का? उंटावरून शेळ्या हाकायच्या. मी चित्र पुन्हा चादरीत बांधलं आणि परतीच्या एस.टी.त लातूर येईपर्यंत मनातल्या मनात त्यांना सगळं ऐकवलं. समोर मात्र एवढंच म्हणाले होते, ‘बरं सर.’

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. हे जेवता जेवता म्हणाले, ‘मग कर की वर. काय जातंय? वीस वर्षं तेच तर करायलीस.’ ह्यांना टोचायचं नव्हतं, साधंच बोलले. पण मी ताट बाजूला सारलं. खरंच होतं ते. सरांनी एकदा म्हटलं की हिचा खांदा चुकलाय. मी वीस वर्षं प्रत्येक झंपरात तेच म्हणत आले होते, तेही शिलाई घेऊन.

आणि एवढं कळूनही गुरुवारी मी रंग कालवला. लाज वाटते, पण कालवला. दर्शनी भिंत डोळ्यांपुढून हलत नव्हती. ब्रश उचलला आणि तेवढ्यात मावशी आली. भाचीच्या लग्नासाठी शिवायला टाकलेलं झंपर न्यायला आली होती.

‘काय करायलीस?’

‘खांदा सरळ करते.’

‘कुणाचा?’

‘तुझा. नांदेडचे सर म्हणले, चुकलाय.’

मावशी स्टुलावर बसली. चित्राकडं बघत राहिली. ‘चुकलाय म्हणं,’ ती हळूच म्हणाली. ‘तुरीची पोती ह्याच खांद्यावर. दोन पोरींची लग्नं ह्याच खांद्यावर. तवा न्हाई कुणी म्हणलं, चुकलाय.’ मग माझ्याकडं वळली. ‘आन तू बी तेच करायलीस व्हय?’

ब्रश हातात तसाच.

‘ठेव ते खाली,’ ती म्हणाली. टेबलावरचं नवं झंपर तिनं उचललं, उलटं केलं आणि उजव्या खांद्यावर बोट ठेवलं. ‘ही घडी काढ.’

‘मावशी, लग्नात दिसंल.’

‘दिसू दे. चोरून आणलाय का खांदा?’

मी टाके उसवले. घडी निघाली, चार बोटांची चिंधी. एवढ्याशा चिंधीनं मी मावशीला किती वर्षं झाकलं होतं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मावशी म्हणाली, ‘रडतीस कशाला, शिव पुन्हा नीट.’

शुक्रवारी आम्ही दोघी नांदेडला गेलो. मावशीच्या अंगात ते नवं झंपर. सरांनी चादर बाजूला केली आणि म्हणाले, ‘हा तसाच आहे.’

‘हो सर, तसाच आहे.’ मी पर्समधून टेप काढली. सगळ्यांसमोर मावशीला लावली, कमरेपासून खांद्यापर्यंत, आधी डावीकडं, मग उजवीकडं. मग तीच टेप चित्राला लावली. फरक इथंही पाऊण इंच, तिथंही पाऊण इंच. ‘तुम्हीच वाचा सर,’ मी म्हणाले.

सरांनी वाचलं. मग म्हणाले, ‘ते ठीक आहे. पण प्रत्यक्ष वेगळं आणि चित्र वेगळं.’

मावशी मधेच बोलली, ‘साहेब, झंपरात मी लई वर्सं सरळ व्हते. चितरात तरी मला माझ्यासारखं ऱ्हाऊ द्या.’

सरांनी तिथल्या माणसाला सांगितलं, हे आत लावा, पाण्याच्या टाकीजवळ. म्हणजे दर्शनी भिंत गेली. आतल्या बोळात, टाकीच्या वर, ग्लास साखळीला बांधलेला तिथं. माझं डोकं सणकलं. मी खिळ्यावरून चित्र उतरवायलाच निघाले होते, मावशीनं हात धरला.

‘ऱ्हाऊ दे. उन्हाळा हाय. पाणी प्यायला समदेच येत्यात.’

आणि तिनं एक स्टूल ओढलं, बरोबर चित्राखाली, आणि बसली. मांडीवर हात. बाहेर भाषणं झाली, हार झाले, ऊन चढलं. माणसं यायची, ग्लास भरायची, चित्र बघायची, मग खाली तिला बघायची, मग पुन्हा चित्र. कोणी काही विचारलं की मावशी सांगायची, ‘मीच हाय ती.’ दुपार झाली तशी बोळात गर्दी झाली आणि दर्शनी भिंतीपाशी चारच माणसं उरली. मी मोजली.

शेवटी सर आले. घाम पुसत ग्लास भरला, आणि वर बघायचं टाळायला गेले तर समोर मावशी. तिनं उजव्या खांद्यावरून ओढून घेतलेला पदर काढून मांडीवर ठेवला.

‘प्या साहेब,’ ती म्हणाली. ‘गार हाय.’