पारा प्यालेला कोळसा

मुलांनो, परवा फोनवर तुमच्या धाकट्या आजोबांनी तुम्हाला हसत सांगितले की आजीने घरचे सोने कचऱ्यात घातले. तुम्हीही हसलात. घरात अशी गोष्ट एकदा थट्टेवारी गेली की पुढे तीच खरी होऊन बसते, म्हणून आजच लिहायला बसले. सोने गेलेही असेल. मी ते जाऊ दिले, आणि वेळ आली तर पुन्हा जाऊ देईन.

धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, तरुणपणी कडेगाव सोडून दक्षिणेत गेले आणि गलाईचे काम शिकले. सराफांच्या दुकानातली धूळ आणि राख विकत घ्यायची आणि तिच्यातला सोन्याचा कण न् कण काढायचा. राखेत पारा कालवला की तो सोने धरतो. तो गोळा तापवला की पारा वाफ होऊन उडतो, सोने मागे उरते. गावी परतल्यावर त्यांनी आमच्या परसातच भट्टी घातली. तिच्या वरच्या माडीवर त्यांचा मुलगा आणि सून राहतात.

मी साताऱ्याला इंग्रजी शाळेत शिकले आणि पुढे निवृत्तीपर्यंत तिथेच रसायनशास्त्र शिकवले. पाऱ्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही, त्यामुळे ती विषारी आहे हे कोणाला खरे वाटत नाही. सुनेला दिवस गेल्याचे कळले तेव्हा मी दिरांना सांगितले, भट्टीवर गाळणीची पेटी बसवा, नाहीतर भट्टी विझवा.

"वैनी, सारा जलम त्या धुरात गेला. मला काय झालं?"

"चहाचा कप दोन्ही हातांनी धरता, भाऊजी. हा कंप पाऱ्याचाच."

ते उठून गेले. पण पेटी आली.

तिचे काम सोपे आहे. भट्टीची वाफ आधी गार पाण्यातल्या नळीतून जाते. तिथे बराचसा पारा पुन्हा थेंब होऊन खाली पडतो. निसटलेला पारा पेटीत जातो. पेटीत नारळाच्या करवंटीपासून केलेला, गंधक मुरवलेला सक्रिय कोळसा असतो. त्याला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोके असतात. पारा त्यांत शिरतो आणि गंधक त्याला धरून ठेवते. काही काळाने कोळसा भरतो आणि बदलावा लागतो.

घोटाळा झाला तो तिथे. गलाईच्या घरात काही फेकत नाहीत. भट्टीसमोरचे पायपुसणेसुद्धा जाळून त्याची राख धुतात. पहिला कोळसा काढला तेव्हा दिरांनी तो पिंपात भरून भट्टीजवळ ठेवला आणि सकाळी भाजायचे ठरवले. म्हणजे इतके दिवस पकडलेला सगळा पारा एका सकाळीत माडीवर जाणार होता.

मी खुर्ची नेऊन पिंपाला टेकवून बसले.

"आवं, उठा. राखेचा कण उडून त्यात बसलाय. सोनं हाय त्यात."

"असेल."

"असेल म्हणताय आन् जाळू देत न्हाई?"

"नाही."

सोने आहे हे मान्य करून ते सोडून द्या म्हणणारे माणूस दिरांनी आजवर पाहिले नव्हते. शेजारचे दोघे कुंपणाशी येऊन उभे राहिले.

दीर त्यांना म्हणाले, "शिकल्याली बाई दाराला कुलूप लावती. आमची वैनी सोताच कुलूप झालीया." ते दोघे हसले. मी बसूनच राहिले.

गलका ऐकून सून नवऱ्याच्या मागोमाग खाली आली. तिला सातवा लागला होता. पायरीवर टेकून ती म्हणाली, "थोरल्या आत्या, चहा आणू का हितंच?"

"आण. लांबणार आहे हे."

दीर जरा नरमले. "बरं, सगळा र्‍हाऊ द्या. एक चिमूट जाळून बघू. नुसतं कळंल तरी."

"जाळा. पण त्या चिमटीतला पारा कोणी छातीत घ्यायचा, ते आधी सांगा. माझ्यादेखत त्या माणसाकडे बोट करा."

त्यांनी मुलाकडे पाहिले, मग सुनेकडे. तिने मान वर केली नाही, पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. दिरांनी बोट केले नाही. आत जाऊन तार आणली आणि पिंपाचे झाकण स्वतःच्या हाताने बांधले. हात थरथरत होते, म्हणून वेळ लागला. मुलगा मदतीला वाकला तर त्याच्यावर खेकसले.

घातक कचरा नेण्याचा परवाना असलेली गाडी सांगलीहून आली आणि पिंप घेऊन गेली. दीर गाडी वळेपर्यंत दारात उभे होते. त्या वेळी त्यांना काय वाटले असेल ते मला कळते, पण मी माफी मागितली नाही.

बाळ आता भिंत धरून चालते. भट्टी अजून चालू आहे. पेटी तिच्यावर आहे, आणि भरलेला कोळसा दर वेळी बंद पिंपातून घराबाहेर जातो.