चालवून न दाखवलेली गाडी

दौंडच्या ठाण्याच्या आवारातला कडुनिंब आठवला की मला आजही हसू येतं, आणि पाठोपाठ एका माणसाची आठवण येऊन मन भरून येतं. सत्तरच्या दशकात मी तिथे फौजदार होतो.

आठवडी बाजारात चहाची गाडी लावणारे एक आप्पा आमचे खबरे होते. एकदा चहा गाळता गाळता म्हणाले, "सायेब, त्यो भंगारवाला लाल फटफटी इकाया काढतोय. पयल्या बाजाराला सहा हजार म्हनला, मग पाच, आता चारवर आलाय. पर गिऱ्हाइकानं चालवून दाव म्हनलं की गप बसतोय."

चोरीचा माल मातीमोल भावात जातो, असा आमचा अनुभव. इथे तर भाव नव्या गाडीच्या जवळ जाणारा. पण गाडी चालवून दाखवायला नाही म्हणणारा विक्रेता मी पाहिला नव्हता. साध्या कपड्यांत जाऊन बघितली. जुनी विलायती लष्करी गाडी, वर भडक लाल रंग, उंच हँडल, जिथे तिथे चकचकाट. मात्र नव्या रंगाखाली डाव्या अंगाला साइडकार जोडायच्या खुणा होत्या. न्हावऱ्याहून साइडकारची हिरवी लष्करी गाडी चोरीला गेल्याचा शिरूर ठाण्याचा बिनतारी संदेश आमच्याकडे पडून होता.

गाडी ठाण्यात आणली आणि शिरूरला कळवलं. इंजिनवरचा नंबर कानशीनं घासलेला होता. भंगारवाला ठाम होता, "चार वर्षं मीच फिरवतोय, साहेब. पुण्याच्या एका साहेबांकडनं घेतलीय." किती उलटसुलट विचारलं तरी गडी हलेना.

दुपारी मालक एसटीनं आला. लष्करात ड्रायव्हर होता, अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. हवालदार हात द्यायला पुढे झाला तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पायऱ्या चढाया येत्यात मला." मग माझ्याकडे वळून, "जय भीम, सायेब. गाडी कुठंय?"

लिलावात भंगार म्हणून निघालेली ती गाडी त्यानं स्वतः उभी केली होती. वाड्यावस्त्यांवरचं दूध साइडकारमधून डेअरीला पोचवून त्याचं घर चालायचं. "लोक अजून आठवडाभर कळ काढत्याल," तो म्हणाला, "मग दूध दुसऱ्याकडं देत्याल. त्यास्नी तरी काय बोलायचं?"

गाडी तुमचीच कशावरून, असं विचारल्यावर तो मिशीत हसला. "त्यालाच चालवाया सांगा की."

भंगारवाल्याचं तोंड उतरलं, पण चार वर्षांची बढाई आता अंगाशी आली होती. त्यानं गाडी कशीबशी सुरू केली आणि आवारात वळवली. समोर कडुनिंब आला तसा त्यानं डावा पाय जोरात दाबला. तिथे ब्रेकच नव्हता. त्या काळी अशा विलायती घडणीच्या मोटारसायकलींना पायाचा ब्रेक डावीकडे असे. मालकानं तो आपल्या उरलेल्या पायाखाली, उजवीकडे आणला होता आणि गिअर हातावर घेतला होता. गाडी झाडाला भिडली, भंगारवाला धुळीत बसला. माणसाची जीभ पढवता येते, पाय ऐन वेळी जुन्या सवयीनंच पडतो.

मग त्यानं सगळं कबूल केलं. गाडी चालवता येईना म्हणून ट्रकमध्ये घालून आणली होती. साइडकार त्याच्या घरी सापडली, शेळ्या तिच्यात वैरण खात होत्या.

पंचनाम्यात मालाची किंमत लिहावी लागते. मी मालकाला म्हणालो, "हा चार हजार मागत होता. तेवढे लिहू?"

"भंगाराची लिवा. लिलावात दिली तेवढी."

"अहो, एवढी अक्कल लावलीय तुम्ही तिच्यात."

"माझ्यापुरती लावलीय, सायेब. दोन पायांच्या मान्साला ती झाडावर घालती. त्यानं कशाला चार हजार द्यायचं?"

मी लिलावाची किंमत लिहिली. खरं सांगतो, इतका ताठ आणि इतका सरळ माणूस मला नोकरीत क्वचितच भेटला. पुढे कुठल्याही पंचनाम्यात किमतीचा रकाना आला की मी आधी मालकाला विचारायचो, ही वस्तू गेल्यापासून तुमचं काय अडलंय? पुष्कळदा त्या उत्तरातून तपासाची दिशाही मिळायची.

कोर्टाच्या हुकमानं आठवड्याच्या आत गाडी त्याच्या ताब्यात गेली. साइडकार जोडून, तिच्यात दुधाच्या किटल्या ठेवून तो निघाला. जाताना गाडी मुद्दाम कडुनिंबाच्या रोखानं नेली आणि झाडापासून हातभर अंतरावर थांबवून आमच्याकडे बघून हसला. हवालदारानं या वेळी हात पुढे केला नाही, त्यानं सॅल्यूट ठोकला.