डाव्या बाजूची खाच

प्रयोगशाळेत काचपट्ट्या साठतात तसे किस्सेही साठतात. फरक एवढाच, की किश्शांवर नावाची चिठ्ठी नसते. हल्ली मी नावं विसरतो. चंद्रपूरला आम्ही उंदराच्या मेंदूचा नकाशा केला, तो नेमका आठवणी सांभाळणाऱ्या भागाचा, हिप्पोकॅम्पसचा. आता मला माझ्याच त्या भागाची काळजी लागली आहे. सोमवारी पुन्हा डॉक्टरांकडे जायचं आहे. त्याआधी एकदा सगळं आठवून पाहतो. कुठे चुकलो तर सांगा.

*

काम साधं सांगायचं तर असं : प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण कुठे कोणतं जनुक कामाला लागलं आहे ते पाहायचं. जिथे ते चालू, तिथे जांभळा रंग उमटतो. माझा सहकारी मेश्राम नागभीडचा. त्याच्या वडिलांची धानाची शेती. त्यांना मी हे सगळं चांगलं तासभर समजावलं. ते म्हणाले, "आमच्या इकडचे उंदीर धान खाते, अन् तुमी उंदराचं डोकं खाऊन राह्यले."

*

खिडकीतून ऊर्जानगरच्या वीजकेंद्राची धुराडी दिसायची, आणि आमची वीज जायची. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना नवल वाटलं. "वीजकेंद्र समोर असून?"

मेश्राम म्हणाला, "वीज इथलीच आहे सर, पण नोकरीले बाहेरगावी असते."

*

मेंदूचे काप केसाइतके पातळ. पाण्यात तरंगणारा काप मऊ कुंचल्याने उचलून काचेवर ठेवायचा. तो उडू नये म्हणून पंखा बंद. मे महिना असावा. मेश्राम शिंकला आणि कुंचल्यावरचा काप गायब.

काप रंगवण्याचं काम सिरोंच्याच्या लक्ष्मीकडे होतं. मान वर न करता ती म्हणाली, "सर, नकाशातला एक तालुका मेश्राम भाऊंच्या मिशीत गेला."

*

पाण्यात काप उलटला की डावं ते उजवं होतं, आणि नंतर कळायला मार्ग नाही. म्हणून कापण्याआधीच मेंदूच्या डाव्या बाजूला ब्लेडने बारीक खाच पाडायची, ही आमची पद्धत. तरी माझा जीव थाऱ्यावर नसायचा. "खाच डावीकडेच ना?" प्रत्येक कापाला विचारायचो.

शेवटी लक्ष्मीने पेन काढलं आणि माझ्या डाव्या मनगटावर रेघ ओढली. "आता तुमी उलटे झाले तरी समजते, सर."

ती रेघ मी जमेल तितके दिवस पाण्यापासून वाचवली.

*

गेल्या हिवाळ्यात माझ्या मेंदूचा एमआरआय काढला. सोबत मेश्राम होता. तरुण डॉक्टरबाईंनी चित्र पडद्यावर लावलं. मी विचारलं, "यात डावं कुठलं?"

"चित्रात उजवीकडे दिसते ती तुमची डावी बाजू, काका."

मेश्राम उठला, पडद्याजवळ गेला, वाकून पाहिलं. "सर," तो म्हणाला, "खाच पाडाची राहूनच गेली."

मला हसू आवरेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कसली खाच?"

मग मी सगळं सांगितलं. खाच, पंखा, शिंक, मिशी, मनगटावरची रेघ. मेश्राम मध्ये एकदाच बोलला, "मे नाई सर, एप्रिल होता."

बाईंनी पडदा बंद केला.

"काका, सहा महिन्यांनी या. आणि तेव्हा हाच किस्सा मला परत सांगा."