थोरल्या दिरांचं नाक

बेंगळुरात बनशंकरीच्या बसस्टँडामागे छातीच्या डॉक्टरांचा एक दवाखाना आहे. पत्ता विचारायची गरज पडत नाही. सकाळी दहानंतर "ऊद, ऊद, ऊद! निल्लिसबेडा! अजून, अजून, अजून!" अशी आरोळी जिथून येईल, तिथंच जिना चढायचा. ऊद म्हणजे फुंक, आणि निल्लिसबेडा म्हणजे थांबू नको. ओरडणारी बाई म्हणजे शिवलीला मोहिते, सगळ्यांची शिवलीलाक्का. उंची जेमतेम पाच फूट. पण आवाज असा, की खाली इडली खात उभे असलेले लोकही नकळत श्वास सोडतात.

गेली सव्वीस वर्षं ती श्वास मोजायच्या मशीनवर आहे. पेशंटच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची, छाती भरून श्वास घ्यायला लावायचा आणि मग तो एका दमात, जीव खाऊन बाहेर फेकायला लावायचा. मशीन कागदावर रेघ काढतं. रिटायर्ड जज्ज असो की फुलवाली, नळी तोंडात असताना शिवलीलाक्का कुणालाही अहोजाहो करत नाही.

"आत घ्यायला काय, कुणालाही येतं," ती सांगते. "खरी परीक्षा बाहेर टाकायची. छातीत कोट्यवधी इवले इवले फुगे असतात. रक्त तिथं येतं, वापरलेली हवा देतं, ताजी घेऊन जातं. आता पहिली पंगत उठलीच नाही, तर दुसरी बसणार कुठं? तुझ्या छातीत जेवून झालेले पाहुणे बसून राहिलेत. उठव त्यांना. ऊद!"

या धंद्यामुळे तिला नको इतकं कळतं. सिगारेट सोडली म्हणून बायकोकडून सोन्याची अंगठी मिळवलेला कोणता इंजिनियर अजून गच्चीवर जातो, ते तिला ठाऊक. योगाच्या कोणत्या गुरुजींचा दम दुसऱ्या मजल्यावर संपतो, तेही ठाऊक. एवढं सगळं पोटात ठेवून ही बाई रात्री शांत झोपते कशी, याचंच बनशंकरीला नवल. बाहेरच्या बाकावरची मंडळी मात्र तिच्या ओरडण्यावरून अंदाज बांधतात. तीनदा ओरडली तर माणूस ठीक. पाचदा ओरडली तर काहीतरी आहे. मध्ये पंधरा मिनिटं शांत राहून पुन्हा ओरडली, तर पंपाचं औषध देऊन बघितलं, म्हणजे दमा. बाकावर बसून नुसत्या कानांनी निदान करणारे तज्ज्ञ तिथं भरपूर.

अशी ही बाई घरी मात्र पदराआड. मोहित्यांचं घराणं बेंगळुरातलं जुनं. पूर्वज राजांच्या फौजेबरोबर आले असं ते सांगतात. तसं इथल्या सगळ्याच मराठा घरांचे पूर्वज घोड्यावरून आलेत. पायी आलेला अजून एकही सापडलेला नाही. घोडे गेले, रीत राहिली. धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, नजर वर करायची नाही, थेट बोलायचं नाही. तिचे थोरले दीर नागोजीअण्णा वरच्या खोलीत राहतात. एकतीस वर्षांत दोघं एकमेकांशी एक वाक्यही सरळ बोललेली नाहीत. नवरा विठोजी घरी असला की त्याच्यामार्फत. "विठोजी, चहा आहे का म्हणावं." "आहे म्हणावं." आणि विठोजी नसला तर मांजरामार्फत. मांजराला आता दोघांच्याही तक्रारी पाठ आहेत.

नागोजीअण्णा सनईवाले. भवानीच्या देवळातली सनई त्यांचीच, आणि दक्षिण बेंगळुरातल्या निम्म्या मराठी लग्नांतलीही. चौसष्ट वर्षांचे, झुपकेदार मिशा, ताठ मान. सनई फुंकून फुंकून त्यांना हर्निया झाला. सोमवारी ऑपरेशन ठरलं. सर्जननं चिठ्ठी दिली, आधी श्वासाची तपासणी करून आणा, मगच भूल देता येईल. आणि नेमका ज्या दवाखान्याचा पत्ता चिठ्ठीवर होता, तिथं धाकटी भावजय.

ते गुरुवारी आले. बाकावर आधीच यल्लाप्पा बसला होता. हा एका कल्याण मंटपाचा, म्हणजे लग्नाच्या हॉलचा मॅनेजर, अण्णांना वर्षाला वीस लग्नं देणारा, आणि त्याच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत जयनगरला पोचली नाही असं कधी झालेलं नाही. "काय अण्णा, तुम्ही इथं?" त्यानं विचारलं. "सर्जनची खोड," अण्णा म्हणाले. "सनईवाल्याचा दम मोजतात. समुद्राला तहान लागली का विचारतात."

आत शिवलीलानं पांढऱ्या कोटाखालून पदर ओढून डोक्यावर घेतला. मशीन लावलं. नळी दिली. आणि चिमटा हातात घेऊन ती थांबली. सव्वीस वर्षांत हजारो नाकं दाबली असतील. पण थोरल्या दिरांचं नाक? हात पुढे जाईना. तिनं चिमटा ट्रेमध्ये ठेवला, ट्रे टेबलावर सरकवला आणि मशीनकडे तोंड करून म्हणाली, "ज्यांचं नाक आहे त्यांनी लावून घ्यावा."

खोलीत विठोजी नव्हता. मांजरही नव्हतं.

"मशीनला सांगा, लावला," अण्णा भिंतीला म्हणाले.

ती ओरडली नाही. हळूच "फुंकायचं" म्हणाली, आणि पडद्यावरची रेघ बघत राहिली. रेघ निघाली. दहा सेकंद. पंधरा. वीस. सव्वीस सेकंदांनी अण्णांनी नळी काढली आणि मिशीवरून हात फिरवला. आकडा आला साडेआठ लिटर. अण्णांच्या वयाच्या माणसाच्या छातीतून साडेतीन लिटर निघाले तरी पुष्कळ. आणि पहिल्या सेकंदाचा आकडा फक्त सव्वा लिटर.

शिवलीलानं दोन्ही आकडे पुन्हा वाचले. लांबलचक फुंकीशी मशीनला देणंघेणं नसतं. पहिल्या सेकंदात किती हवा सुटते, तिथं सगळं कळतं. सव्वा लिटर म्हणजे छातीतल्या नळ्या आवळलेल्या. मग बाकीची हवा आली कुठून?

"मशीन म्हणतंय, पुन्हा एकदा," ती म्हणाली. या वेळी तिनं पडद्याकडे बघितलं नाही. औषधांच्या कपाटाला काचेचं दार होतं, त्यात बघितलं. चिमटा अण्णांच्या नाकाला नव्हताच. तो त्यांच्या खिशातून डोकावत होता. गाल लिंबाएवढे फुगलेले. गालातली हवा नळीत जात होती आणि त्याच वेळी नाकपुड्या हळूच हलून नवी हवा आत ओढत होत्या. सनईचा सूर तुटू नये म्हणून पोरवयात शिकलेली विद्या. अण्णांना वाटलं होतं, जो जास्त वेळ फुंकेल तो पास.

"झालं ना?" अण्णांनी भिंतीला विचारलं. "कागद छापा म्हणावं."

दवाखान्याच्या डॉक्टर नीरजा अकराला येणार होत्या. त्यांना बोलावलं असतं तर त्यांनी एका क्षणात चिमटा लावला असता. पण त्या मनानं सोन्याच्या असल्या तरी आवाजानं शिवलीलाचीच शिष्या. "नागोजीराव, चीटिंग?" हे यल्लाप्पापर्यंत पोचलं असतं. आणि हा कागद असाच गेला असता तर? हॉस्पिटलातला एखादा घाईतला माणूस वरचा साडेआठचा आकडा बघून सही ठोकणार.

शिवलीलानं खोलीचं दार लोटून घेतलं. डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला. आणि वळून थेट अण्णांकडे बघितलं. अण्णा इतके दचकले की नळी हातातून सुटता सुटता राहिली.

"अण्णा, जिना चढताना मधल्या पायरीवर तुम्ही चप्पल नीट करायला थांबता ना?"

"चप्पल सैल आहे."

"एकतीस वर्षं? तेवढ्यात वीस जोड झाले."

अण्णा भिंतीकडे बघायला लागले. ती हलक्या आवाजात बोलत राहिली. "पहाटे तुम्ही खोकता, मला खाली ऐकू येतं. दमा आहे तुम्हाला. सोमवारी भूल देऊन घशात नळी घालतील. आवळलेल्या नळ्या तेव्हा आणखी आवळतात. तिथं नाकानं चोरून दम घ्यायला तुम्ही जागे नसणार."

अण्णांनी नळी ट्रेमध्ये ठेवली. मग म्हणाले, भिंतीला नाही, तिला. "पंचविसाव्या वर्षापासून आहे. दम लागलेल्या सनईवाल्याला कोण बोलावतो, शिवलीला? म्हणून गालाचीच विद्या जास्त घोटली. लोक म्हणायचे, वा, काय दम आहे!"

"बाहेर यल्लाप्पा बसलाय, ठाऊक आहे मला. मी ओरडणार नाही. पण चिमटा लागणार."

"लाव."

तिनं त्यांच्या खिशातून चिमटा काढला, मिशीला धक्का न लावता नाकाला लावला, आणि बोटं क्षणभर तिथंच ठेवली. अण्णांनी डोळे मिटून घेतले. दुखत नव्हतं, पण रीत मोडताना माणूस डोळे मिटतोच.

आता न ओरडता फुंकून कसं घ्यायचं? तिनं टेबलावर तळहात टेकला. "मी मारीन तेव्हा. सूर लांबवायचा नाही. सनईची पत्ती फुटली तरी चालेल अशी पहिली फुंक." छाती भरली. तळहात आपटला. अण्णांनी फुंकलं, आणि चार सेकंदांतच खोकत बसले. पुन्हा. आणखी एकदा. तिन्ही वेळा पहिल्या सेकंदाचा आकडा सव्वा लिटर. या खेपेला एकूण हवाही सव्वादोनच्या वर गेली नाही.

"एवढीच?" अण्णांनी आकड्याकडे बघून विचारलं. एखाद्याला स्वतःचं जुनं घर मोजून, ते केवढं लहान आहे ते दाखवावं तसा चेहरा झाला होता.

तिनं पंप हलवून दिला, कसा ओढायचा ते दाखवलं, आणि घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं दोघं समोरासमोर बसली. बोलायचं काय, ते एकतीस वर्षांत शिकलेली नव्हती. शेवटी अण्णांनी विचारलं, "तुझ्या आंबट वरणात कडीपत्ता जास्त असतो, ते मांजरानं सांगितलं का?" "सांगितलं. पण मांजराला कडीपत्ता आवडतो." मग घड्याळ वाजलं.

पुन्हा चिमटा, पुन्हा तळहात. या वेळी एक पूर्णांक सहा. शिवलीला ते बघून हसली. "नळ्या उघडतात. म्हणजे औषधानं सुधारेल. डॉक्टर बघतील आणि किती दिवस ते ठरवतील, पण सहा आठवडे तरी रोज दोनदा घ्यावं लागेल. मग ऑपरेशन. खरा कागद द्यायचा, अण्णा. आणि बाहेर कुणाला कळायचं असेल तर माझ्याकडून नाही कळणार."

अण्णा उठले. दारापाशी थांबले. बाहेर यल्लाप्पा पुढे वाकून बसला होता. आज आतून आवाजच आला नव्हता, त्यामुळे बिचाऱ्याला हिशेब लावता येईना.

"काय झालं अण्णा? अक्का ओरडलीच नाही."

अण्णांनी एक श्वास घेतला. औषधानं तो जरा खोल गेला. "दमा आहे मला. चाळीस वर्षं आहे. ऑपरेशन लांबलं."

यल्लाप्पानं खिशातली डायरी काढली. "मग नोव्हेंबरची लग्नं?"

"तू सांग."

"नोव्हेंबरची तीन मी दुसऱ्याला देतो, अण्णा. मुलीकडची माणसं विचारतात, मी काय सांगू? डिसेंबरच्या शेवटचं बघू. तोवर बरे व्हा."

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. तीन लग्नं गेली, आणि जे लपवण्यात चाळीस वर्षं घातली, ते एका बाकासमोर उभ्याउभ्या दोन मिनिटांत संपलं. ते यल्लाप्पाच्या शेजारीच टेकले, खिशातून फोन काढला आणि हॉस्पिटलचा नंबर लावला.

"नागोजी मोहिते बोलतोय. सोमवारचं ऑपरेशन नको. सहा आठवड्यांनंतरची तारीख द्या." पलीकडून कारण विचारलं असावं. बाकावरचे सगळे तज्ज्ञ कान टवकारून बसले होते. अण्णांनी आवाज मुळीच खाली आणला नाही. "श्वासाचं औषध चालू केलंय. भावजयीनं तपासलं."